दुसरा फर्मा, तिसरा फर्मा

जुना कागद हातात घेण्याआधी मास्तर हात धुवायचे. आधी रॉकेलच्या बोळ्यानं शाई काढायची, मग साबण, मग पंचा, आणि तरी दोन्ही हात पंख्याखाली धरून उभे राहायचे. गिऱ्हाईक समोर ताटकळलेलं. हात पुरते वाळले की कागद घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचा आणि मान वर करून म्हणायचं, "आसा तशें आसूं दी." जसं आहे तसं राहू दे.

गिऱ्हाइकानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं. पण जुनं काही नव्यानं छापायला येणाऱ्या माणसाला त्यातली एक तरी ओळ गाळायची असते, असं मास्तरांचं म्हणणं. मी तीसेक वर्षं बघितलं. बहुतेक वेळा खरं निघायचं.

तुमच्यापैकी कुणी डिचोलीच्या बाजारामागची ती प्रेस पाहिली असेल. पुढं एक बाक, आत पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, ट्रेडल, भिंतीला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसी. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. पोर्तुगिजांच्या वेळी सेगुंद ग्रावापर्यंत, म्हणजे त्यांची प्राथमिक शाळा संपेपर्यंत, शिकले होते आणि कुणालाही कागद वाचून दाखवायचे, म्हणून लोक मास्तर म्हणत. माझा नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. तो गेला तेव्हा मी तिथं कामाला लागले. छापलेल्या कागदाला घडी घालायची, फर्मे गोळा करायचे, शिवायचे, कव्हर चिकटवायचं. फर्मा म्हणजे घडी घातलेला आठ पानांचा एक गठ्ठा. असे गठ्ठे एकापुढं एक लावून शिवले की पुस्तक होतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला एक पान वाचायला दिलं. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून अडखळत वाचलं. ते म्हणाले, "बरं झालं बाय. जास्त शिकलेलं माणूस वाचता वाचता सुधारायला लागतं."

एकदा एक गृहस्थ आजोबांच्या वेळचा जमिनीचा पोर्तुगीज कागद घेऊन आला. मास्तरांनी त्याचं मराठी करून नीट छापून द्यायचं होतं. कागदात उत्तरेची हद्द म्हणून एक काजूचं झाड लिहिलेलं होतं. गृहस्थ म्हणाला, ते झाड आता नाही, माझ्या बापानं तोडलं, तेवढं गाळा. मास्तर म्हणाले, "झाड तुझ्या बापानं तोडलं. कागदातलं मी कशाला तोडू?" तो रागावून गेला, आणि महिन्यानं परत आला. बाजारात असा कागद वाचणारं दुसरं होतं कोण?

दुसरी एक बाई आईच्या तोंडची लग्नाची गाणी छापायला आली. नातीचं लग्न होतं, व्याही मोठे, आणि एका गाण्यात नवऱ्यामुलाच्या आईची यथेच्छ टिंगल. बाईला ते नको होतं. मास्तरांनी सरळ सांगितलं, "मग व्याही बदला." बाई पाय आपटत गेली. तिच्या नातीनंच नंतर ते गाणं ठेवायला लावलं, आणि लग्नात सर्वांत जास्त हसली ती नवऱ्यामुलाची आईच, असं ऐकलं.

मास्तर गोड माणूस नव्हते. सख्ख्या भावांशी बोलणं नव्हतं, कारण वाटणीच्या कागदातली एक ओळ त्यांनी भावांना गाळू दिली नव्हती. बायको लवकर गेली, मूल नाही. दुपारी चहाबरोबर एक उंडो खायचे, तोही पायरीवर उभं राहून, पावाचा चुरा कागदांवर पडू नये म्हणून. भावांच्या घरी गणपतीला जाणं तुटलं तेव्हापासून चतुर्थीला त्यांना जायला घर नव्हतं. ते मिळालं एका आरतीच्या पुस्तकामुळं. गेलंही त्याच पुस्तकामुळं, आणि ते माझ्या हातून.

हळर्णच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. चतुर्थीला तिथं घुमट, म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, वाजवून गावच्या देवीची एक मोठी आरती म्हणतात. देवी डोंगरावरून निघते, वाटेत लोकांना भेटते, नदीवर येते, होडीतून नदी उतरते, मग गावात शिरते, वडाखाली बसते आणि शेवटी सगळ्यांना वर देते. बत्तीस कडवी. ती एका वहीत होती. कुणी लिहिली ते कुणाला ठाऊक नाही. कागद तपकिरी, शाईही तपकिरी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. एका पानावर एक कडवं.

पस्तीसेक वर्षांपूर्वी गावचे लोक ती वही घेऊन आले. मास्तरांनी हात धुतले. वही वाचून झाल्यावर म्हणाले की हीसुद्धा आहे तशीच छापायची, एका पानावर एक कडवं. मी विचारलं, पानांना आकडे घालायचे ना?

"वहीत आहेत?"

"नाहीत."

"मग आपण घालणारे कोण?"

आकडे नाहीत तर नाहीत. आठ पानांचा एक, असे चार फर्मे झाले. मी टेबलावर चार राशी मांडल्या, डावीकडून उजवीकडे, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. एकेक उचलायचा, ठोकून सारखा करायचा, शिवायचा. सुरुवात करायच्या आधीच खळीचं भांडं कलंडलं. मी मधल्या दोन राशी घाईनं उचलून बाजूला घेतल्या, टेबल पुसलं, राशी परत ठेवल्या. त्या उलट्या ठेवल्या. तिसरा दुसऱ्याच्या जागी आणि दुसरा तिसऱ्याच्या.

पाचशे पुस्तकं तशीच शिवली.

पहिल्या प्रतीला कुंकू लावून ती यंत्रावर ठेवायची आमची रीत होती. कुंकू लावायला पुस्तक उघडलं, दहा-बारा पानं पुढं चाळली, तर देवी वडाखाली बसलेली. आणखी पुढं गेले तर देवी नदीच्या काठी, होडीवाल्याला हाक मारतेय. दुसरं पुस्तक उघडलं. तेही तसंच. तिसरं उघडलं नाही.

गावचे लोक बाहेर बाकावर चहा पीत होते. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. मास्तर त्यांच्याशी बोलत होते. मी गठ्ठे बांधले आणि गप्प राहिले. कारण विचाराल तर मोठं काही नाही. मास्तर ओरडले नसते. पाचशे पुस्तकांची शिवण स्वतः उसवत बसले असते, आणि चतुर्थी चार दिवसांवर. ते मला बघायचं नव्हतं. शिवाय वाटलं, आरतीचं पुस्तक वाचतं कोण?

तिथं मी चुकले. सगळ्यांनी वाचलं. ती आरती पाठ असलेली माणसं गावात दोन-तीनच उरली होती, बाकीचे त्यांच्या मागून ओढत म्हणायचे. हातात पुस्तक आल्यावर सारा गाव म्हणायला लागला. पाठ असलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याला सगळे आपा म्हणायचे. तो पहिल्याच वर्षी मध्ये थांबला. म्हणाला, "देवी अजून नदी उतरूंक ना, आनी तुमी तिका आदींच बसयली?" नदी उतरण्याआधीच देवीला बसवली कशी, असं तो विचारत होता. लोकांनी त्याला पुस्तक दाखवलं. आपाला वाचता येत नव्हतं. वय झालं, विसरला, असं लोकांनी ठरवलं. छापलेलं कसं चुकेल? दुसऱ्या वर्षी तो आपल्या चालीनं वेगळंच म्हणत राहिला, तेव्हा पोरं हसली. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. नंतर वारलाच.

हे मला मास्तरांनीच सांगितलं. कारण त्या वर्षापासून गावानं त्यांना चतुर्थीला बोलवायला सुरुवात केली होती. पुस्तक त्यांनी करून दिलं, म्हणून त्यांना मान. आरती मंडळाच्या घरी, पडवीतल्या खांबाला टेकून त्यांची जागा. हातात कासाळं, म्हणजे मोठी झांज. वर्षभर लोकांच्या कागदांवर भांडणारा तो माणूस तिथं झांज वाजवायचा आणि हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या खायचा. चतुर्थीच्या आधी आठ दिवस त्यांचा पांढरा सदरा इस्त्री होऊन प्रेसमध्ये टांगलेला असायचा. एरवी आम्ही त्यांच्या अंगावर इस्त्री कधी पाहिली नाही.

एका वर्षी ते मलाही घेऊन गेले. माझं माहेर चोपड्याचं, त्याच नदीच्या काठचं, म्हणून गावच्या बायकांना मी लगेच आपली वाटले. नदीची कडवी आली की घरची बाई उंबऱ्यावर पाणी शिंपडते, अशी तिथली रीत. पूर्वी हे आरतीच्या पहिल्या अर्ध्यात व्हायचं. आता ते दुसऱ्या अर्ध्यात गेलं होतं. मी शेजारच्या बाईला विचारलं, देवी बसल्यावर परत नदीवर कशी? ती म्हणाली, पलीकडच्या गावची देवी तिची बहीण ना, तिला भेटायला जाते. बसून थोडा विसावा घेते आणि जाते. बाई तिशीची असेल. तिनं हे इतक्या विश्वासानं सांगितलं की मलाच क्षणभर खरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ती नदी जरा उशिरा येते, नाही?"

मी म्हटलं, देवाचं गाणं, त्याला लवकर काय आणि उशीर काय.

ते हसले. खिळे जुळवणारा माणूस अक्षर बघतो, आणि तेही उलटं. गोष्ट त्याच्या डोक्यात राहत नाही. शिवाय आपण छापलं ते वहीत होतं तसंच आहे, यावर त्यांचा एवढा भरवसा की वही पेटीतून काढून बघायची गरज त्यांना वाटली नाही. ती वही गावानं त्यांच्याकडंच ठेवली होती. छापून झालं, आता वही कशाला, असं म्हणून.

मग ट्रेडल भंगारात गेलं. प्रेस दुसऱ्यानं घेतली, कॉम्प्युटर आले. नवा मालक बरा होता, मास्तरांची खुर्ची त्यानं ठेवली. मीही अधूनमधून लग्नपत्रिकांना घड्या घालायला जायची. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून.

अशात एक दिवस त्या गावचा उत्तम आला. आता मंडळाचा मुख्य गायक तो, आणि चतुर्थीचं ते घरही त्याचंच. पुस्तकं फाटली होती, नवी हवी होती, आणि आरती फोनवर ऐकता येईल अशी ध्वनिमुद्रितही करायची होती, दुबईला असलेल्या मुलांसाठी. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी दोन वेळा हात धुतले. या वेळी शब्दनशब्द मूळ वहीवरून ताडून घेऊ, म्हणाले, आणि घरच्या पेटीतून वही घेऊन आले.

मी समोरच घड्या घालत होते. त्यांनी वहीचं पान उलटलं, पुस्तकाचं पान उलटलं. परत वही. परत पुस्तक. मग त्यांनी चष्मा काढला.

"बाय, फर्मे तूच गोळा केले होतेस. काही आठवतं?"

आता बोलायला हवं होतं. जीप नव्हती, घाई नव्हती, चतुर्थी लांब होती.

मी म्हटलं, "पस्तीस वर्षं झाली मास्तर. कसं आठवणार?"

"तेही खरंच," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलत राहिले. आकडे घातले नाहीत, चूक माझी. आकडे घातले असते तर कुणालाही कळलं असतं. आणि मध्येच, "आपा बरोबर होता गे."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोन बस बदलून गावी गेलो. देवळाच्या मंडपात उत्तम आणि मंडळाचे सात-आठ जण जमले होते. मास्तरांनी पंचा पसरला, त्यावर एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला पुस्तक ठेवलं आणि सगळं सांगितलं. चूक प्रेसची, म्हणजे माझी. आता नवं पुस्तक वहीप्रमाणं करू. लोकांनी वही हातोहात फिरवली. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, अशीच म्हणून आम्ही स्पर्धेत पहिले आलो. दुसरा म्हणाला, बहिणीच्या भेटीचं काय करायचं मग? तिसऱ्यानं विचारलं, देवीला हे आवडत नसतं तर पस्तीस वर्षांत तिनं काहीच कसं दाखवलं नाही?

शेवटी कुणीतरी म्हणालं, तिलाच विचारू. कौल लावला. पुस्तक बदलायचं का, असं विचारून देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही सगळे हात जोडून बसलो. मास्तरांचे ओठ हलत होते. मी काय मागत होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

डावी पडली.

उत्तम मास्तरांच्या शेजारी येऊन बसला. चांगला पोरगा, आवाजही मऊ. म्हणाला, "मास्तर, वाईट मानू नकात. तुमचांच म्हणणां न्हय? आसा तशें आसूं दी."

मास्तरांनी वही पंच्यात गुंडाळली. आयुष्यभर ज्या वाक्यानं त्यांनी दुसऱ्यांची तोंडं बंद केली, त्यानंच त्यांचं बंद झालं. बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, आपाच्या घरी आता कोण असतं? मी सांगितलं, घर बंद असतं.

नवं पुस्तक मंडळानं दुसरीकडं छापून घेतलं, जुन्या पुस्तकावरून. छान जाड कागद, रंगीत कव्हर, आणि प्रत्येक पानाला आकडा.

त्या वर्षी चतुर्थीचं बोलावणं आलं नाही. कुणी मुद्दाम थांबवलं असं मला वाटत नाही. अवघडलेली माणसं बोलावत नाहीत, एवढंच.

चतुर्थीच्या सकाळी मी फुलं घेऊन घरी चालले होते. प्रेसचं शटर खाली आणि पायरीवर मास्तर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्या गावाकडं जाणारी पहिली बस तिथूनच दिसते. ती आली, थांबली, गेली. ते बसूनच राहिले. मला वाटतं, कुणाचा तरी निरोप येईल म्हणून.

मी फुलांची पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. खळ कशी सांडली, राशी कशा ठेवल्या, सगळं. त्याच दिवशी मला कळलं होतं, हेही.

त्यांनी विचारलं, "कळलं तेव्हा किती शिवून झाली होती?"

"सगळी."

"जीप आली होती?"

"आली होती."

त्यांनी मान हलवली, जणू हे हिशेबात बसलं. मग म्हणाले, "तेव्हाचं जाऊं दी. मी विचारलं तेव्हा तरी सांगायचं."

ते उठले, सदऱ्याची धूळ झटकली आणि म्हणाले, "तुमी जा आता. घरी गणपती आहे तुमच्या."

तुमी. पस्तीस-चाळीस वर्षं मी त्यांची बाय होते, अगे-तुगे होते. त्या दिवसापासून तुमी झाले. चहा विचारायचे, बसायला खुर्ची सरकवायचे, शब्द कधी वाकडा नाही. पण शेवटपर्यंत तुमीच. एखाद्यानं चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तरी मला एवढं लागलं नसतं. मी फार मनाला लावून घेणारी बाई नाही.

त्यानंतर त्यांनी वहीची नक्कल करायला घेतली. वही हातात धरली तरी चुरा पडत होता. नव्या मालकानं एक पान झेरॉक्स करून बघितलं, तपकिरी कागदावरची तपकिरी शाई, सगळं काळंच आलं. तेव्हा हातानंच लिहायचं ठरलं. मी कागद कापून, रेघा मारून द्यायची. ते रोज सकाळी एक कडवं लिहायचे. हात कापायचा, म्हणून एका ओळीनंतर थांबायचे. कुणासाठी लिहिताय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आपासाठी." आपाला वाचता येत नव्हतं, हे मी बोलले नाही.

सोळा कडवी झाली. देवी नदी उतरली, होडीतून पाय खाली टाकला, आणि मास्तर आजारी पडले. उठलेच नाहीत. भाऊ आले, चांगलं सगळं केलं. मी मागं उभी होते. वही, नक्कल आणि कोरे कागद भावाच्या सुनेनं मलाच दिले. हे काय करायचं, असं तिनं विचारलं होतं, आणि मी हात पुढं केला.

उरलेली सोळा कडवी मी लिहिली. माझं अक्षर वाकडं, ओळ चढत जाते. प्रत्येक पान दोनदा ताडून बघितलं. मग चारही फर्मे, त्यांचे दोन आणि माझे दोन, एकत्र शिवले. यंदा पानांना आकडेही घातले, मास्तरांना न विचारता.

चतुर्थीला ते सगळं एका पंच्यात बांधून मी एकटीच गावी गेले. बोलावणं मलाही नव्हतं. पडवीत घुमटं तापवून ठेवलेली, मंडळी जमत होती. खांबाशी दुसराच कुणी झांज घेऊन बसला होता. मी सगळ्यांदेखत सांगितलं की पुस्तक मी उलटं शिवलं, मास्तरांचा काही दोष नव्हता, मला ठाऊक असून मी गप्प राहिले. चूक मास्तरांची नव्हे, एवढं यांनी म्हणावं, यासाठी मी आले होते. दुसरं काही नको होतं.

मग एक म्हातारी म्हणाली, "अगे आजये, तुझो हात देवीनंच धरलो असतलो." देवीनंच तुझा हात धरला असेल. आणि सगळे एकदम मोकळे झाले. हो, हो, तसंच. तिला बहिणीला भेटायचं होतं ना! कुणी माझ्या पाया पडलं. उत्तम म्हणाला, मास्तरांबद्दल आमच्या मनात काही नाही, ते देवमाणूस. मी म्हणत होते, नाही हो, मी चूक केली. कुणी ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेले, तर त्यांनी मला पाटावर बसवलं.

वही आणि नक्कल उत्तमनं दोन्ही हातांनी घेतली. वाचा, मी म्हटलं, आणि विसर्जन झालं की मी न्यायला येते. तो हो म्हणाला. त्यानं वही आणि नक्कल गणपतीजवळ पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं. मग घुमटं घुमली आणि आरती झाली, जाड कागदाच्या पुस्तकातून. मी पातोळ्या खाऊन शेवटच्या बसनं परत आले.

दहा-बारा दिवसांनी गेले. उत्तम कामावर होता. त्याची बायको अंगणात होती. तिनं मला पाणी दिलं, बसवलं आणि आनंदानं सांगितलं की पोथी नीट पोचवली. मला आधी कळलं नाही. ती म्हणाली, देवाजवळची ना ती, फूल वाहिलेली, आणि किती जीर्ण झाली होती. घरात ठेवून वाळवीला कशी द्यायची? निर्माल्याबरोबर नदीत सोडली. दोन्ही. त्यांनी वाचली का, विचारलं. तर म्हणे वाचायची राहिलीच, घरात पाहुणे किती होते.

तिच्यावर रागवायचं काय? पूजा झालेला जुना कागद माझ्या घरी असता तर मीही पाण्यातच सोडला असता. आईनं मला तेच शिकवलंय. माझ्या नकलेची तरी एक झेरॉक्स काढायला हवी होती. ते सुचलं नाही.

मी तिला जागा दाखवायला सांगितलं. ती खाली नदीपर्यंत माझ्याबरोबर आली. भरती होती. चिखलात केळीचे खांब अडकले होते, झेंडूची फुलं, एक फाटकी परडी. ती बोटानं दाखवत म्हणाली, "इथंच सोडली आजये. लगेच बुडली नाही हां. पानं उघडून कितीतरी वेळ वर वरच होती. आम्ही सगळ्या बायका हात जोडून उभ्या होतो, ती दिसेनाशी होईपर्यंत."